हौदावरचा ठिपका

मिशीची पैज लागली ती हौदावर, मेथी धुता धुता.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठानं आमचे मळे आहेत. वांगे, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेकडेनं झेंडू. रोज पाहाटी साऱ्याईचा माल डोक्यावर, सायकलवर, बंडीत असा हौदावर येते. तठी भाजी धुवायची, जुड्या बांधायच्या अन् माह्या छोट्या हत्तीत टाकायची. ती गाडी घेऊन मी मार्केटात हर्रासाले, लिलावाले जातो. हौद आमच्याकडं नुसता पाण्याचा नाई. गावातलं भांडण, सोयरीक, निवडणूक, चुगली, जे काई असन ते तठीच धुवून निघते.

मले सारे बंडू म्हणतात. पन्नाशीले आलो तरी बंडूच. धंदा गाडीचा, पण नाव झालं ते खोड्याईचं. आमच्या गल्लीत भगवंतराव म्हणून रिटायर कारकून आहेत. त्याईचा चष्मा सारखा घसरे. म्हणलं, भगवंतराव, डोळ्याचा नंबर काढला, पण नाकाचा काढला काय? नाकाचा नंबर चुकला का चष्मा घसरतेच. गेले बिचारे जठारपेठेत चष्म्याच्या दुकानात. मी दुकानदाराले आधीच फोन करून ठेवला होता. त्यानंही लेकानं फीत काढून नाक मोजलं, लांबून, जवळून, 'खाली पाहा, वर पाहा' केलं अन् म्हणे, 'डाव्या नाकपुडीचा थोडा जास्त आहे'. भगवंतराव आजपर्यंत ते विसरले नाईत. मीही विसरलो नाई, मले तर दर दोन दिवसांनी आठवते अन् गाडी चालवता चालवता एकटाच हसतो.

नत्थुजीचं घर जुन्या शहरात माह्या घराच्या भिंतीले भिंत लागून. माणूस कमी बोलणारा, पण मिशी भल्ली. पांढरी, दोन्हीकडून वर गेलेली, सकाळी खोबऱ्याचं तेल लावून बसवलेली. बायको गेल्यापासून घरात ते अन् त्याईची पोरगी मंजुषा, दोघंच. मंजू अमरावतीले नकाशाच्या कंपनीत होती, कॉम्प्युटरवर नकाशे बनवे. कंपनीनं गाशा गुंडाळला, ती घरी आली. पुण्याहून दुसरीकडचं बोलावणं आलं होतं. तिनं संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली. काहून, तर तिच्या डोक्यात एक काम होतं.

अमरावतीचे मेसवाले अन् हॉटेलवाले मिळून भाजी घेतात. त्याईचं सारं पाहणारी माधवी मॅडम म्हणून आहे, मंजूच्या ओळखीची. तिचं म्हणणं असं, का कोणत्या वावरात आज काय तयार आहे ते मोबाईलवर नकाशात दिसलं पाहिजे. दिसलं तर आमची गाडी सीधी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर येईन, माल तठीच घेईन. हे जमवून देशील तर नकाशाचं काम कायमचं तुह्याकडं, घरी बसून कर. म्हणजे पुण्याले जायाचं कारण नाई.

मंजूनं एक नकाशाचं सर्व्हर आणलं. आणलं म्हणजे फुकट. जगातल्या कोण्या कोण्या लोकाईनं मिळून बनवलं अन् खुलं ठेवून देलं. ज्याले पाहिजे त्यानं न्यावं, उघडून पाहावं, बिघडलं तर सुधरवावं अन् सुधरवलेलं परत देऊन टाकावं. मले हे लय आवडलं. आमच्या हौदासारखंच झालं हे. बांधला कोणं ते कोणाले माहीत नाई, पाणी सारे भरतात.

पहिल्या दिवशी तिनं हौदावर मोबाईल काढला. आमी साऱ्याईनं ओले हात धोतराले, लुगड्याले पुसून माना घातल्या. म्हणलं, दाखव तुह्या बापाचं वावर. ती बोटानं नकाशा सरकवत गेली. अकोल्यात नाई. विदर्भात नाई. हिंदुस्थानातच नाई. वर गेली, अजून वर गेली, पार वर, जठी नुसता बरफाचा समुद्र आहे, तठी एक हिरवा ठिपका. त्याच्याखाली नावाच्या जागी चौकोन चौकोन. मराठी अक्षरं म्हणे सर्व्हरवर टाकाचे राहिले.

मग तिनं समजावून सांगतलं. जागेचे दोन आकडे असतात, एक उभा, एक आडवा. कोणता आधी सांगाचा अन् कोणता मांगून, याच्यावर तिचं अन् सर्व्हरचं जमलं नव्हतं. आकडे उलटे बसले अन् अकोल्याचं वांगं उत्तर ध्रुवाच्या शेजारी जाऊन पडलं.

आता सांगा, असं ताट समोर वाढलेलं असतांनी मी उपाशी राहीन काय? म्हणलं, नत्थुजी, उद्यापासून वांगे तोडाले स्वेटर घालून जात जा. अस्वल दिसलं तर राम राम घाला, गिऱ्हाईक असन. हौदावर लोक पोट धरून हसले. पार्बताबाईच्या हातातली मेथीची जुडी पाण्यात गेली. मंजूही हसली. नत्थुजी हसले नाईत. त्याईनं मिशीवरून हात फिरवला.

"संक्रांतीच्या आत," ते म्हणे, "माह्या पोरीच्या नकाशात कोणाच्याही नावावर बोट ठेवलं अन् अमरावतीची गाडी त्याच्या धुऱ्यावर नाई पोचली, तर अर्धी मिशी काढीन. चौकात, रामराव न्हाव्याच्या खुर्चीवर. पोचली तर तुही."

माही मिशी म्हणजे ओठावर काजळाचं बोट पुसल्यावाणी. मले काय भेव? मी टाळी देली. मेथी घ्याले आलेल्या भगवंतरावनं मधीच एक कलम टाकलं, का जो जिंकन त्यानं हरणाऱ्याच्या समोर आरसा धरून उभं राहाचं. नाकाच्या नंबरचा बदला होता तो. त्याईले वाटलं, खुर्चीवर मीच बसणार.

तवा मले वाटलं म्हातारा रागात बोलून राहिला. नत्थुजीनं पोरीले 'जाऊ नोको' असं एकदाही म्हणलं नव्हतं. माणूस तसा नाईच. ते म्हणाच्या जागी त्यानं मिशी लावली, अन् मी ती टाळी देऊन घेतली.

मंजूचं काम समोरच्या खोलीत चाले. कांद्याच्या पोत्याच्या बाजूले जुनं टेबल, त्याच्यावर कॉम्प्युटर. मी मार्केटातून आलो का चहाच्या निमित्तानं तठी जाऊन बसो. आकडे तिनं दुसऱ्याच दिवशी सुलटे केले. ठिपका बरफातून निघाला अन् धाडकन मोर्णेच्या काठी आला. मग अक्षरं टाकले, चौकोनाचे शब्द झाले, 'वांगी, नत्थुजी' असं पडद्यावर दिसलं. नत्थुजीनं ते वाचलं अन् पडद्याले अंगठ्यानं दाबून पाह्यलं, वांगं निब्बर झालं का पाहतात तसं.

त्याच्या मांगून नवं लफडं. तिच्या कॉम्प्युटरवर नकाशा झकास, आमच्या मोबाईलवर पांढरं फटक. ती सारखी एक लॉग म्हणून असते ते वाचे. लॉग म्हणजे मशीनीची बडबड, दिवसभर मशीन काय काय बोलली ते सारं त्याच्यात उतरते. वाचता वाचता तिले सापडलं, का सर्व्हरमधी पत्ता घरच्याच कॉम्प्युटरचा लिवलेला राहिला होता. आमचा मोबाईल इचारे, नकाशा कोठी आहे? सर्व्हर सांगे, घरात पाहा. अन् प्रत्येक मोबाईल आपआपल्या घरात शोधत बसे. तिनं पत्ता बदलला, सारं काम इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनीवर नेलं. तठी मशीनीले धाप लागे, मधीच बंद पडे. तिनं तिची मेमरी वाढवून देली, तवा ती चालाले लागली. मी हे सारं हौदावर मीठ-मसाला लावून सांगो. लोक इचारत, आज मशीनीचं कसं आहे? मी म्हणो, ताप उतरला, पेज घेतली.

आता राहिलं एकच काम, बाकीच्या लोकाईचे वावरं नकाशात आणाचं. मंजूनं मोबाईलवर एक सोपं पान बनवलं. नाव टाकाचं, भाजी टाकाची अन् आपल्या वावरात उभं राहून 'मी इथे आहे' हे बटन दाबाचं. दाबलं का मोबाईल आपली जागा सर्व्हरले सांगते. लोकाईले शिकवाचं काम तिनं मले देलं. म्हणे, काका, तुमचं सारे ऐकतात, अन् रोज तुमीच त्याईले भेटता.

मी शिकवलं. बरोबरच शिकवलं, उगाच खोटं काहून बोलू. पण झालं असं, का आमचे मळे खोलात आहेत, नदीच्या अंगाले. तठी मोबाईलले रेंज नाई. नत्थुजीचं एकट्याचं वावर जराक वर आहे म्हणून तठी दोन काड्या दिसतात. बाकीच्याईनं वावरात बटन दाबलं तर ते गोल फिरत राहे, 'थांबा' म्हणे. पाहाटीच्या थंडीत, हातात इळा, पाय चिखलात, कोण थांबन? अन् हौद उंचावर. तठी आलं का मोबाईल टणटण वाजाले लागतात. तर लोक काय करत? भाजी धुवून झाली, हात पुसले, अन् तठीच, हौदाच्या कठड्याले टेकून, 'मी इथे आहे' दाबून देत.

पहिल्यांदा दाबलं पार्बताबाईनं. मी बाजूलेच होतो. सांगाले तोंड उघडलंही. पण तेवढ्यात डोक्यात चित्र आलं. नकाशावर सारे मळे आपल्या जागेवरून उठले, मेथी, पालक, झेंडू, विहिरीसकट, अन् हौदावर चढून एकमेकाच्या मांडीवर बसले. मले अशी उकळी फुटली का बोलताच येईना. अन् माही सवय अशी, चांगली खोडी सापडली का लगेच खाऊन टाकत नाई. आढीत घालतो. जराक पिकू देतो.

दुसऱ्या दिवशी मंजूच्या नकाशात बापाचा एक ठिपका वावरात अन् बाकी साऱ्या गावाचा एक ठिपका हौदावर. ती म्हणे, सर्व्हर एकच ठिपका काढून राहिलं, बाकीचे गिळून राहिलं. तिनं रंगाचे नियम तपासले, सर्व्हर बंद करून चालू केलं. मग आकडे काढून पाह्यले तर साऱ्याईचे जवळपास सारखेच. म्हणे, पान आकड्याची पॉइंटाच्या पुढची शेपटी तोडून राहिलं असन. ते पान तिनं नव्यानं लिवलं. सकाळी लोक हौदावर आले, हात पुसले, दाबलं. ठिपका जागच्या जागी. मग म्हणे, सर्व्हर जुने चित्रं साचवून ठेवते, घडीघडी काढा लागू नाई म्हणून, ते साचलेलंच दिसत असन. तिनं साचलेलं साफ केलं. ठिपका जागच्या जागी.

मी रोज जाऊन पाहो. चहा पेवो. तिचे डोळे तांबडे झाले होते. नत्थुजी दारात बसून लसणाच्या पाकळ्या सोलत अन् मधी मधी पडद्याकडं पाहत. मी आपल्या मनात हिशेब लावून ठेवला होता. भोगीच्या सकाळी हौदावर सारं गाव राहते, त्या दिवशी मिसळीच्या भाजीले मरणाची मागणी. तवा साऱ्याईसमोर खोडी फोडाची. लोक हसतील, मंजू कपाळाले हात लावन अन् हसन. मग एका दिवसात साऱ्या वावरात हिंडून काम होऊन जाते. मी पैज हरीन. हरलो तरी चालते, असंही ठरवलं होतं मी. माह्या मिशीचं काय, आठ दिवसांत परत येते.

एका दुपारी तिनं पडद्यावरून मान वळवली.

"काका, लोकं वावरात उभे राहूनच दाबतात नं?"

अठी मले सांगता आलं असतं. कपबशी हातात होती, नत्थुजी दारात होते, बाहेर एक बोहारीण ओरडत होती. सारं आठवते.

"हाओ," म्हणलं. "वावरातच. मी सोता पाहतो नं."

"मंग मशीनीतच आहे काहीतरी," ती म्हणे, अन् परत पडद्याकडं वळली.

मी बाहेर आलो अन् गल्लीच्या तोंडाशी भिंतीले टेकून हसलो. भगवंतरावनं पाह्यलं. इचारलं, काय झालं बे? म्हणलं, भोगीले सांगतो. तोपर्यंत नाक सांभाळा.

अमरावतीची गाडी भोगीच्या आदल्या दिवशी आली.

त्याईचंही बरोबर होतं. त्याईले भोगीचा माल पाहिजे होता, अन् माधवी मॅडमले खरी गर्दी असतांनी पाहाचं होतं का हे चालते का नाई. तिनं रस्त्यातून मंजूले फोन केला, आमी बडनेऱ्याच्या पुढं आलो. मंजू म्हणे, मॅडम, अजून एक गोष्ट सुधरली नाई. मॅडम म्हणे, असू दे, जेवढं आहे तेवढं पाहू. मंजू स्कुटी घेऊन हौदावर आली तवा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. नत्थुजी तिच्या मांगं बसून आले होते, मिशीले तेल लावून.

गाडी आली. ड्रायव्हर नितेश म्हणून एक पोरगा, मोबाईल समोर अडकवलेला. मॅडमनं नकाशात पार्बताबाईच्या मेथीवर बोट ठेवलं. नितेशनं मोबाईल पाह्यला, गाडी सुरू केली, पुढं पाह्यलं, मांगं पाह्यलं, बंद केली.

"मॅडम, हे म्हणते पोचलो."

मॅडमनं झेंडूवर बोट ठेवलं. पोचलो. पालकावर ठेवलं. पोचलो. गाडी आपल्या जागेवरून एक हात हलली नाई. याच्याहून चांगली खोडी माह्या हातून जन्मात झाली नसन. पूर्ण पिकली होती. अन् मी गाडीच्या मांगं जाऊन उभा राहिलो.

मॅडमनं शांतपणे इचारलं, वावरं कोठी आहेत मग? मंजू सांगाले लागली, का मोबाईल जुने आहेत, त्याच्यातले आकडे चुकतात, आजच्या दिवसात पाहते. तेवढ्यात पार्बताबाई मधी बोलली. ती रिद्धपूरच्या महानुभाव देवस्थानाले जाऊन आल्यापासून खोटं बोलत नाई, कोणाच्या भल्यासाठीही नाई.

"मोबाईलले काहून बोल लावता, बाई? आमी तर अठीच दाबतो. खाली रेंज कोठी आहे? बंडूले माहीत आहे नं. थो तर रोज बाजूले उभा राहून हसते."

मंजूनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं होतं ती कपाळाले हात लावन. तिचे हात तसेच राहिले.

"काका, मी तुमाले इचारलं होतं," ती म्हणे.

बस. तेवढंच. मोठ्यानंही नाई.

नत्थुजी पुढं झाले. मॅडमले म्हणे, माह्या वावरात चला, ते बरोबर पडलं आहे, पोरीनं सोता टाकलं. मॅडमनं त्याईले हात जोडले. म्हणे, भाऊ, एकट्या वांग्यासाठी गाडी येऊ शकत नाई, अन् पाहाटी दोन तासाचा रस्ता कापून येऊन आमाले वावरं शोधता येणार नाईत. वाईट बोलली नाई बाई. जातांनी पार्बताबाईची मेथी रोख घेतली अन् मंजूच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी गेल्यावर लोक माह्याकडं पाहाले लागले. कोणी म्हणलं, अमरावतीची गाडी रोज येऊ लागली असती तर बंडूच्या गाडीले कोण इचारते, म्हणून केलं यानं. तसं असतं तर बरं होतं. पोटासाठी केलं म्हणता आलं असतं. मी हसाले पाहिजे म्हणून केलं.

त्याच सांजी मंजूनं ते पान बदलून टाकलं. रेंज नसली तरी मोबाईल जागा टिपून ठेवन अन् हौदावर आला का पाठवून देईन, असं. मी दारात उभा राहून इचारलं, लय वेळ लागला का? ती म्हणे, नाई काका, चहा होईपर्यंत झालं. माहीत असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं.

भोगीच्या सकाळी मी गाडी लावून ठेवली अन् एकेकाले घेऊन वावरात उतरलो. पार्बताबाईले धुऱ्यावर उभं केलं, दाबाले लावलं. मग बाकीच्याईले. चिखल गुडघ्यापर्यंत आला, कोणी माह्याशी बोलत नव्हतं. दुपारी नकाशा उघडला तर सारे मळे आपआपल्या जागेवर जाऊन बसलेले. नदीच्या काठानं हिरवे ठिपके असे, का माळेत ओवल्यावाणी. मंजूनं लगेच अमरावतीले फोन लावला. माधवी मॅडमले आनंद झाला, पण त्याईचं कालच दुसऱ्या ठिकाणी बोलणं झालं होतं. पुढच्या साली पाहू, म्हणे. मंजूनं फोन ठेवला अन् दुसरा फोन पुण्याले केला.

मी मोबाईलवर नकाशा जराक लहान केला, दुरून पाहाले. दुरून पाह्यलं तर अजूनही सारं गाव हौदावर, एकच ठिपका. जवळ गेलं का बरोबर, दूर झालं का चूक. मंजूले दाखवलं. म्हणे, दुरूनचे चित्रं जुनेच साचलेले आहेत, साफ करा लागतात, करते मी. बॅग भरता भरता तिचं ते राहून गेलं. मीही परत म्हणलं नाई. कोणत्या तोंडानं म्हणतो?

त्या दिवशी दिवेलागणीले मी भिंतीच्या पल्याड गेलो. नत्थुजी तीळ निवडत होते. परातीत पोरीसाठी तीळ, एका बाजूले गुळाची ढेप. मी बाजूले बसलो. म्हणलं, नत्थुजी, खुर्चीवर मी बसतो. अर्धी नाई, पुरी काढतो. भुवया काढा म्हणाल तर भुवया काढतो.

ते निवडत राहिले. मग म्हणे, "गाडी धुऱ्यावर पोचली काय?"

"नाई."

"मंग कोण हरलं?"

"पण ते माह्यामुळं..."

"तुही मिशी घेऊन मी काय करू, बंडू? मी बोललो होतो. साऱ्याईसमोर बोललो होतो." परातीतला एक खडा काढून त्याईनं दाराबाहेर टाकला. "तू आरसा आणजो."

संक्रांतीले चौकात उभं राहाले जागा नव्हती. बाया वाणाचे ताटं घेऊन थांबल्या, सायकलवाले थांबले, मार्केटातले दोन हमालही आले. रामरावनं खुर्ची दुकानाबाहेर काढली होती अन् बिचारा घडीघडी वस्तरा पुसत होता, जसा त्याच्यावरच डाग आहे. मंजूची पुण्याची ट्रॅव्हल्स दुपारची होती. ती बॅग घेऊन नळाच्या बाजूले उभी होती, बापाच्या पाठीमांगं. मी तिच्याकडं गेलो नाई. तिळगूळ खिशातच राहिला.

नत्थुजी आले, पटका काढून मांडीवर ठेवला, बसले. मी समोर आरसा धरला.

मंग सारे गप्प झाले. मी ओळखतो तो गपपणा. साऱ्या जिंदगीत तो मीच बनवला आहे. बंडू आता काहीतरी बोलन, अन् मग हसाचं, म्हणून थांबलेले लोक. भगवंतरावही थांबले होते. त्याईनं चष्मा वर सरकवला, माह्याकडं पाह्यलं, अन् मंग दुसरीकडं पाहाले लागले.

रामरावनं ब्रश फिरवला. फेस अन् मिशी एकाच रंगाची, त्यामुळं कळेना कोणतं कोठी संपते. नत्थुजी आरशात पाहत होते. मले वाटलं, सोताले पाहून राहिले. पण त्याईची नजर जराक बाजूले होती. मी आरसा धरल्या धरल्या मान वाकडी करून पाह्यलं. आरशाच्या कोपऱ्यात, त्याईच्या खांद्यावरून, नळ दिसत होता, अन् नळाच्या बाजूले बॅग, अन् बॅगीवर हात ठेवून मंजू. तेवढीच ती त्याईले पाह्याले भेटत होती, पाठ फिरवून बसल्यावर.

मान सरळ करता करता आरसा तिरपा झाला अन् कोपऱ्यात नुसतं आभाळ आलं, त्याच्यात एक पतंग.

"आरसा सरळ धर, बंडू," नत्थुजी म्हणे.

मी दोन्ही हातानं सरळ धरला. मंजू परत आली. रामरावनं वस्तरा लावला.